व्हॉलीबॉलमधला दुसरा स्पर्श : निर्दोष सेट कसा शिकावा

कर्नाटकातील बीदर जिल्ह्याच्या भालकी तालुक्यात खटकचिंचोळी हे होबळीचे गाव आहे. होबळी म्हणजे महसुली कारभारासाठी केलेला काही गावांचा गट. कर्नाटकात शालेय क्रीडास्पर्धांची पहिली पायरी याच होबळी किंवा वलय पातळीवर असते. तेथे जिंकलेला संघ भालकीला तालुका स्पर्धेत उतरतो, तेथून बीदरला जिल्हा स्पर्धेत, पुढे कलबुर्गी विभागाच्या स्पर्धेत आणि अखेरीस राज्य पातळीवर. सीमाभागातील मराठी मुलांसाठी व्हॉलीबॉलचा रस्ता हा असा पायरीपायरीने चढत जातो. गोव्यातील मुलांनाही तालुक्यापासून राज्यापर्यंत अशाच पायऱ्या चढाव्या लागतात. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी घडते. प्रत्येक पायरीवर समोरचा संघ अधिक बलवान होतो आणि पंचांची शिट्टीही अधिक कडक होते.

ही कडक शिट्टी सर्वाधिक वेळा कोणासाठी वाजते, हे पाहिले तर उत्तर एकच येते : सेटरसाठी. गावच्या मैदानावर दोन्ही हातांनी कसाबसा वर ढकललेला चेंडू खपून जातो. साथीदार तो मारतात, गुण मिळतो आणि सगळे पुढे जातात. जिल्हा पातळीवर त्याच स्पर्शाला शिट्टी वाजते, पंच दोन बोटे वर करून ‘डबल’ची खूण करतात आणि गुण प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात जातो. आजच्या पद्धतीत प्रत्येक चढाओढीला गुण असतो आणि सेट २५ गुणांचा असतो. एका सेटमध्ये असे तीन-चार गुण भेट दिले, तर उत्तम स्मॅश मारणारे दोन खेळाडू असूनही संघ हरतो. त्याहून मोठे नुकसान पुढे असते. सेटरचा आत्मविश्वास ढळतो, तो बोटे वापरणेच टाळू लागतो आणि संघाचे आक्रमण बोथट होते.

म्हणूनच सेट करण्याचे तंत्र हे थोरामोठ्यांच्या खेळातील नजाकत म्हणून बाजूला ठेवण्याची गोष्ट नाही. साध्या मैदानावर, एका चेंडूवर, प्रशिक्षकाविना खेळणाऱ्या मुलांना तर त्याची गरज अधिक आहे. आनंदाची बाब ही की, या खेळातील सर्वात कमी खर्चात शिकता येणारे कौशल्यही हेच आहे.

तीन स्पर्शांचे गणित

व्हॉलीबॉलचा जन्म १८९५ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, होल्योक येथे झाला. तेथील वायएमसीएमध्ये शारीरिक शिक्षण देणाऱ्या विल्यम मॉर्गन यांनी हा खेळ रचला. सुरुवातीला त्याचे नाव ‘मिंटोनेट’ होते आणि एका बाजूने चेंडूला किती वेळा स्पर्श करावा, याला मर्यादा नव्हती. चेंडू उंच उडवून दुसऱ्याने तो जोरात मारण्याची युक्ती फिलिपिन्समध्ये १९१६च्या सुमारास रूढ झाली, असे या खेळाच्या इतिहासात सांगितले जाते. पुढे १९२०च्या सुमारास एका बाजूला तीनच स्पर्शांची मर्यादा आली आणि खेळाचे रूप पालटले.

तीनच स्पर्श मिळणार म्हटल्यावर प्रत्येकाचे काम ठरून गेले. पहिला स्पर्श चेंडू वाचवण्याचा, तिसरा तो मारण्याचा. मधला, दुसरा स्पर्श मात्र या दोहोंना जोडणारा. वेडावाकडा आलेला चेंडू मारण्याजोगा करून देणे हे त्याचे काम. सामन्यात सेटर बहुतेक प्रत्येक चढाओढीत चेंडूला हात लावतो. त्याच्याइतके वारंवार निर्णय घेण्याची वेळ दुसऱ्या कोणावर येत नाही. प्रेक्षक टाळ्या स्मॅशला देतात, पण स्मॅश चांगला होईल की नाही हे आधीच्या स्पर्शातच बरेचसे ठरलेले असते.

मैदानावरच्या बोलीत अनेक जण सेट करण्याला ‘लिफ्ट करणे’ म्हणतात. गंमत अशी की, पंचांच्या बोलीत ‘लिफ्ट’ हा दोष आहे. चेंडू हातात घेऊन उचलला, असा त्याचा अर्थ. या एका शब्दाच्या दोन अर्थांतच सेट शिकण्याची खरी अडचण दडलेली आहे. चेंडू उचलायचा आहे, पण धरायचा नाही.

नियम नेमका काय सांगतो

सेटशी संबंधित दोन मुख्य दोष आहेत. पहिला, चेंडू पकडणे किंवा फेकणे. चेंडू हातात क्षणभर विसावला आणि मग सुटला, तर तो दोष. दुसरा, एकाच खेळाडूने सलग दोनदा स्पर्श करणे. सेट करताना उजवा हात आधी आणि डावा हात किंचित नंतर लागला, तर ते दोन स्पर्श होतात. यालाच मैदानावर ‘डबल’ म्हणतात.

येथे एक बारकावा अनेकांना ठाऊक नसतो. संघाच्या पहिल्या स्पर्शात, म्हणजे सर्व्हिस किंवा स्मॅश घेताना, एकाच कृतीत चेंडू शरीराच्या दोन भागांना लागला तरी चालतो. पकडणे मात्र तेव्हाही चालत नाही. दुसऱ्या स्पर्शाला ही सवलत नाही. त्यामुळे सर्व्हिस बोटांनी घेताना जे खपले, ते सेट करताना का खपत नाही, असा वाद पंचांशी घालण्यात अर्थ नसतो.

दुसरा गैरसमज चेंडूच्या फिरकीचा. सेट केलेला चेंडू हवेत फिरला की ‘डबल, डबल’ असा ओरडा होतो. नियमपुस्तकात फिरकी हा दोष नाही. पंचांनी पाहायचा असतो तो स्पर्श. फिरकी हे हात असमान लागल्याचे लक्षण असू शकते, पुरावा नव्हे. सराव करणाऱ्याने मात्र ही खूण स्वतःसाठी जरूर वापरावी. चेंडू जवळजवळ न फिरता गेला, तर दोन्ही हात बरोबरीने लागले असे समजावे.

या नियमाविषयी जगातही एकमत नाही. अमेरिकेतील महिलांच्या महाविद्यालयीन व्हॉलीबॉलमध्ये २०२४च्या हंगामापासून दुसऱ्या स्पर्शातील ‘डबल’ दोष मानणे बंद झाले. चेंडू आपल्याच बाजूला साथीदाराकडे गेला पाहिजे, एवढीच अट राहिली. गोव्याच्या किनाऱ्यावर खेळल्या जाणाऱ्या बीच व्हॉलीबॉलमध्ये परंपरा याच्या उलट आहे. तेथे बोटांच्या सेटकडे पंच इतक्या काटेकोरपणे पाहतात की, बरेच खेळाडू सेटसाठीही मनगटापासून कोपरापर्यंतचा हातच वापरतात. आपल्याकडे शाळेच्या मैदानावर शिकणाऱ्याने सवलतीची वाट न पाहता स्वच्छ स्पर्श शिकावा, हेच शहाणपणाचे.

आधी पाय, मग हात

सेट चुकला की सगळे हातांकडे पाहतात. प्रत्यक्षात चूक बहुतेक वेळा पायांची असते. चेंडू कपाळासमोर असताना दोन्ही हात सारखे लावणे कोणालाही जमते. तो एका खांद्याकडे गेला की जवळचा हात आधी लागतो आणि दूरचा नंतर. म्हणजे ‘डबल’ हा हातांत दिसणारा, पण पायांत जन्मलेला दोष आहे.

चांगला सेटर चेंडू आपल्याकडे येण्याची वाट पाहत नाही. साथीदाराच्या हातांवर चेंडू लागला, त्या क्षणी तो कुठे पडणार याचा अंदाज घेऊन निघतो. उद्दिष्ट साधे आहे : चेंडूच्या आधी पोहोचणे आणि स्पर्शापूर्वी थांबणे. धावता धावता केलेला सेट धावण्याच्या दिशेने वाहत जातो.

थांबण्याची एक ठरावीक रीत आहे. सेटर साधारणपणे जाळीजवळ, उजव्या बाजूरेषेपासून सुमारे तीन मीटरवर उभा राहतो. त्याचा उजवा खांदा जाळीकडे आणि तोंड डावीकडील आक्रमकाकडे, म्हणजे चार क्रमांकाच्या जागेकडे असते. शेवटची दोन पावले ‘डावा-उजवा’ अशी पडावीत आणि जाळीकडचा उजवा पाय किंचित पुढे राहावा. त्यामुळे कंबर जाळीकडे न वळता मैदानाच्या आतल्या बाजूला राहते. पाय उलटे पडले की शरीर जाळीकडे उघडते आणि सेट जाळीवर किंवा पलीकडे जातो. पाय खांद्याइतके अंतरावर, गुडघे थोडे वाकलेले आणि वजन पुढच्या चवड्यांवर असावे.

मैदानाचा विचारही येथे करावा लागतो. बीदरच्या पठारावर जांभ्याची तांबडी माती आहे आणि जिल्ह्यात काळ्या मातीच्या जमिनीही आहेत. जांभा गोव्याच्या माणसाला सांगायला नको. त्यावरची बारीक खडी पायाखाली कशी निसटते, हे येथील प्रत्येक खेळाडूला ठाऊक असते. काळी माती ओली असताना चिकटते आणि वाळली की भेगाळते. अशा जमिनीवर लांब पावले टाकून एकदम थांबणे धोक्याचे असते. पावले लहान आणि जलद ठेवावीत. खेळण्यापूर्वी जाळीलगतचा तीन मीटरचा पट्टा झाडून खडे वेचून काढावेत. सेटरचे पाय तेथेच सर्वाधिक फिरतात.

कपाळावरची खिडकी

पाय थांबले की हात वर येतात. चेंडू आल्यावर नव्हे, येण्याआधी. दोन्ही तळहात कपाळासमोर, किंचित वर. बोटे पसरलेली, पण ताठ नव्हेत. दोन्ही अंगठे आणि दोन्ही तर्जन्या एकमेकींकडे कललेल्या, त्यामुळे मध्ये त्रिकोणी खिडकी तयार होते. खेळाडूने या खिडकीतून चेंडू पाहावा. अंगठे पुढे रोखलेले नसावेत. ते डोळ्यांकडे, मागे वळलेले हवेत. पुढे रोखलेल्या अंगठ्यावर चेंडू आदळला की सांधा दुखावतो. मनगटे मागे वाकलेली आणि कोपर खांद्यांच्या किंचित बाहेर, सहज ठेवावेत.

हातांचा आकार बरोबर आहे का, हे पाहण्याची जुनी आणि सोपी कसोटी आहे. साथीदाराने चेंडू वर टाकावा आणि खेळाडूने तो सेटच्या स्थितीत झेलून तसाच धरावा. मग हात बाजूला केले, तर चेंडू कपाळावर पडला पाहिजे. नाकावर पडला तर चेंडू फार खाली आणि पुढे घेतला, डोक्यामागे पडला तर फार मागे घेतला, असे समजावे.

चेंडू बोटांच्या पेरांवर घ्यायचा असतो. तळहाताला तो लागत नाही. तळहात लागला की ‘थप्प’ असा आवाज येतो. स्वच्छ सेट जवळजवळ निःशब्द असतो. भार मुख्यतः अंगठा, तर्जनी आणि मधले बोट उचलतात. अनामिका व करंगळी चेंडूला बाजूने आवर घालतात. चेंडू येताना मनगटे थोडी मागे झुकतात आणि लगेच पुढे उसळतात. हे झुकणे स्प्रिंगसारखे असावे. ते लांबले की चेंडू पकडला जातो आणि अजिबात नसले की चेंडू बोटांवर आदळून वाटेल तिकडे उडतो.

ताकद मात्र बोटांतून येत नाही. गुडघे सरळ होतात, मग कोपर, मग मनगटे, अशा क्रमाने जमिनीपासून निघालेला जोर बोटांपर्यंत पोहोचतो. स्पर्शानंतर दोन्ही हात लक्ष्याच्या दिशेने पूर्ण लांब जावेत आणि क्षणभर तसेच राहावेत. लहान मुलांचा सेट आखूड पडतो, तेव्हा त्यांना ‘जोर लाव’ असे सांगितले जाते आणि ती हात आपटू लागतात. त्याऐवजी ‘गुडघे वाक’ असे सांगितले, तर बहुधा तेवढ्याने काम होते.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात शूटिंगबॉल हा सात-सात खेळाडूंचा खेळही आवडीने खेळला जातो. त्यात चेंडू जोरकसपणे फटकावण्यावर भर असतो. तो खेळून आलेल्या मुलांचे हात बळकट असतात, नजर तयार असते. पण बोटे चेंडूखाली मऊ ठेवण्याची सवय त्यांना नव्याने लावावी लागते. त्यांना व्हॉलीबॉल येत नाही, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये.

उंची, वेळ आणि वारा

चेंडूचे वजन २६० ते २८० ग्रॅम आणि परीघ ६५ ते ६७ सेंटिमीटर असतो. पाच मीटर उंचीवरून तो दोन मीटरवरच्या हातांत पडतो, तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे २७ किलोमीटर झालेला असतो. हा वेग बोटांनी शोषून उलट दिशेला वळवायचा असतो. म्हणूनच पहिला पास अवाजवी उंच उडवणारा साथीदार सेटरला मदत करत नाही, त्याचे काम अवघड करतो.

सेट किती उंच द्यावा, याचे उत्तर वेळेत आहे. दोन मीटरवरून निघालेला चेंडू सहा मीटरपर्यंत गेला, तर तो आक्रमकाच्या हाताच्या उंचीवर, समजा २.८ मीटरवर, परत येण्यास सुमारे १.७ सेकंद लागतात. चार मीटरपर्यंतच गेला, तर सुमारे १.१ सेकंद. अर्ध्या सेकंदाहून अधिकचा हा फरक नवख्या आक्रमकाला धाव घेऊन उडी मारण्यास पुरतो. त्याच वेळी समोरच्या ब्लॉकलाही जमण्यास तेवढाच अवधी मिळतो. शिकाऊ संघाने आधी उंच आणि स्थिर सेट पक्का करावा. वेगवान सेट त्यानंतर.

सेट कोठे पडावा, याचेही माप आहे. जाळीपासून अर्धा ते एक मीटर आत आणि बाजूरेषेच्या थोडा अलीकडे. चुकायचेच असेल, तर जाळीपासून दूर चुकावे. जाळीला चिकटलेला सेट समोरच्या ब्लॉकच्या हातात जातो आणि आक्रमक जाळीत अडकतो. दोन मीटर आत पडलेला सेट निदान पलीकडे मारता तरी येतो.

उघड्या मैदानावर वाऱ्याचा हिशेब टाळता येत नाही. पठारावरची संध्याकाळ असो वा किनाऱ्यावरची, चेंडू जितका जास्त वेळ हवेत तितका तो अधिक वाहतो. वारा असेल तर सेटची उंची कमी करावी. वारा जाळीच्या दिशेने वाहत असेल, तर चेंडू आणखी आत ठेवावा. सर्व्हिसपूर्वी चिमूटभर माती सोडून दिशा पाहण्याची सवय सेटरला असावी.

केव्हा बोटांनी सेट करू नये

प्रत्येक चेंडू बोटांनी घेण्याचा हट्ट हाही दोषच. चेंडू कमरेच्या उंचीवर आला असेल, सेटर धावत असेल, किंवा चेंडू एका बाजूला दूर गेला असेल, तर दोन्ही हात जोडून मनगटावरून उंच चेंडू द्यावा. तो दिसायला सुंदर नसतो, पण शिट्टी वाजत नाही. ओला चेंडूही बोटांवरून घसरतो. पावसाळी दिवसांत हे लक्षात ठेवावे.

जागेचे नियमही ध्यानात हवेत. मागच्या रांगेतून पुढे आलेल्या सेटरने तीन मीटरच्या पट्ट्यातून, जाळीच्या वर पूर्णपणे असलेला चेंडू थेट पलीकडे टाकला, तर तो दोष ठरतो. लिबेरोने पुढच्या पट्ट्यात बोटांनी वरून सेट केला आणि आक्रमकाने तो जाळीच्या वरच्या उंचीवर मारला, तर तोही दोष. लिबेरोने तेथे मनगटावरून सेट करावा. गुण गमावून हे नियम शिकण्यापेक्षा आधी शिकलेले बरे.

दुखावलेले बोट ओढू नये

सेट शिकताना बोट मुरगळणे नित्याचे असते. अशा वेळी मैदानावरचा कोणी अनुभवी माणूस पुढे होऊन बोट ओढून ‘बसवतो’. हे करू नये. ओढण्याने सुजलेल्या सांध्याचे बंध आणखी फाटू शकतात आणि बारीक अस्थिभंग असेल तर तो सरकतो. बोटाला बर्फ कापडात गुंडाळून लावावा, खेळ थांबवावा आणि बोट शेजारच्या बोटाला पट्टीने सैलसर बांधावे. बोटाचे टोक सरळ करता येत नसेल, बोट वाकडे दिसत असेल किंवा सूज उतरत नसेल, तर एक्स-रे काढून घ्यावा. टोक खाली लोंबणारे बोट वेळेवर उपचार न मिळाल्यास कायमचे तसे राहू शकते.

या दुखापतींचे एक कारण चेंडूत भरलेली जास्त हवा हेही असते. व्हॉलीबॉलमधला दाब दर चौरस सेंटिमीटरला ०.३० ते ०.३२५ किलोग्रॅम असावा, असे नियम सांगतो. सायकलच्या पंपाने फुटबॉलसारखा टणक केलेला चेंडू बोटांचा शत्रू असतो. मोजण्याचे साधन नसेल, तर अंगठ्याने दाबल्यावर चेंडू थोडा आत गेला पाहिजे, एवढे पाहावे. जाळीची उंचीही मोजूनच बांधावी. पुरुषांसाठी २.४३ मीटर आणि महिलांसाठी २.२४ मीटर हे माप मैदानाच्या मध्यावर घेतात. खांबांपाशी मापात असलेली जाळी मध्ये झोळासारखी लोंबत असेल, तर सेटरला उंचीचा चुकीचा अंदाज लागतो आणि तो स्पर्धेत उघडा पडतो.

चार आठवड्यांचा सराव

पहिल्या आठवड्यात फक्त हातांचा आकार. चेंडू जमिनीवर ठेवून त्यावर दोन्ही हातांची खिडकी बसवावी, तसाच तो उचलून कपाळासमोर आणावा. मग पाठीवर झोपून चेंडू तोंडावर हातभर उंच बोटांनी उडवावा. झोपून सराव करताना पायांची मदत नसते, त्यामुळे एक हात कमी-जास्त लागला की चेंडू लगेच बाजूला पळतो. रोज शंभर वेळा पुरे.

दुसऱ्या आठवड्यात भिंत. शाळेच्या भिंतीवर तीन मीटर उंचीवर खडूने खूण करावी आणि दीड मीटर अंतरावरून सलग सेट करावेत. हात दमले की थांबावे. दमलेल्या हातांनी चुकीची सवय लागते.

तिसऱ्या आठवड्यात पाय. साथीदाराने चेंडू कधी डावीकडे, कधी उजवीकडे टाकावा. पहिले तीन दिवस सेट करूच नये. धावावे, थांबावे आणि कपाळावर चेंडू झेलावा. पाय बरोबर पडले का, उजवा पाय पुढे आहे का, हे पाहून मग चेंडू द्यावा. झेलणे सहज झाले की सेट सुरू करावा.

चौथ्या आठवड्यात लक्ष्य. चार क्रमांकाच्या जागी, जाळीपासून सुमारे पाऊण मीटर आत एक टोपले किंवा जुना टायर ठेवावा. साथीदाराच्या खऱ्याखुऱ्या पासवरून दहा सेट करावेत आणि किती आत पडले ते वहीत लिहावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा. वही खोटे बोलत नाही. जोडीला मोबाइलवर संथ गतीचे चित्रीकरण करून दोन्ही हात एकाच वेळी लागतात का, ते पाहावे. पंचांना जे क्षणात दिसते, ते खेळाडूला येथे निवांत पाहता येते.

डोक्यामागे द्यावयाचा बॅक सेट यानंतरच शिकावा. त्यातली मुख्य गोष्ट ही की, उभे राहण्याची पद्धत पुढच्या सेटसारखीच राहिली पाहिजे. कंबर आधीच मागे वाकली, तर चेंडू कोठे जाणार हे समोरच्या संघाला कळून चुकते.

सेटर कोणाला करावे

गावच्या संघात बऱ्याचदा उंच मुले स्मॅशसाठी ठरतात आणि उरलेल्या बुटक्या मुलाला ‘तू सेट कर’ असे सांगितले जाते. निवड उरलेल्यांतून होते, हे चूक. उंची नसलेला मुलगा सेटर होऊ शकतो, हे मात्र खरे. जपानच्या योशिए ताकेशिता यांची उंची १५९ सेंटिमीटर. जगातील उत्तम सेटरांत त्यांची गणना झाली आणि २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांच्या संघाने कांस्यपदक मिळवले. जपानच्याच पुरुष संघाचे मासाहिरो सेकिता १७५ सेंटिमीटर उंचीचे. सेटर निवडताना पाहाव्यात त्या गोष्टी तीन : पाय जलद आहेत का, नजर स्थिर आहे का आणि चूक झाल्यावर डोके शांत राहते का.

बोलणे ही चौथी गोष्ट. सीमाभागात एकाच संघात मराठी, कन्नड, दखनी बोलणारी मुले असू शकतात. कन्नडमध्ये ‘माझा’ या अर्थी ‘नंदू’ म्हणतात. बाहेरून आलेल्या मराठी खेळाडूला ती नंदू नावाच्या कोणाला मारलेली हाक वाटली, तर चेंडू दोघांच्या मध्ये पडतो. सामन्यापूर्वी संघाने एकच शब्द ठरवून घ्यावा आणि दुसरा चेंडू सेटरचाच, हे सर्वांनी मान्य करावे. सेटरला जमत नसेल, तेव्हा त्यानेच ‘मदत’ असे ओरडावे.

भारतीय पुरुष संघाने आशियाई क्रीडा स्पर्धांत १९५८ साली कांस्य, १९६२ साली रौप्य आणि १९८६ साली कांस्यपदक मिळवले होते. त्यानंतरचा दुष्काळ मोठा आहे. २०२३ मध्ये हांगझोऊ येथील स्पर्धेत भारताने दक्षिण कोरियाला पाच सेटमध्ये हरवले, तेव्हा अखेरचा सेट १७–१५ असा सुटला. दोन गुणांचे अंतर! एवढ्या बारीक फरकाने ठरणाऱ्या खेळात एखाद्या ‘डबल’चे मोल काय असते, हे वेगळे सांगायला नको.

खटकचिंचोळीहून भालकी आणि भालकीहून बीदर, किंवा गोव्यातील एखाद्या वाड्यावरून तालुक्याच्या मैदानावर जाणाऱ्या मुलांजवळ बंदिस्त सभागृह नसेल, नव्या चेंडूंची रास नसेल. भिंत असते, खडू असतो, एक चेंडू आणि एक साथीदार असतो. सेट शिकण्यास तेवढे पुरते. पुढच्या पायरीवरचा पंच कडक असणारच आहे. त्याच्यापुढे उभे राहताना आपले पाय चेंडूच्या आधी पोहोचलेले असावेत, एवढी तयारी घरच्या मैदानावर करून जाता येते.